मुळावरचे फूल

श्रावण सरत आला, भाताची खाचरे हिरवीगार झाली, की शहापूर-मुरबाडच्या रानात एक वेगळेच फूल जमिनीतून वर येते. गवताच्या ठोंबापाशी, बांबूच्या बेटाखाली, रानहळदीच्या शेजारी ते उगवते. वीत-दीड वीत उंचीचा, तांबूस रेघांचा एकच देठ मातीतून सरळ निघतो, टोकाला वाकतो, आणि त्या वाकलेल्या टोकाला जांभळट गुलाबी रंगाचे, नळीसारखे एकच फूल लटकते. देठाला पान नसते. आसपास कितीही शोधले तरी त्याचे स्वतःचे म्हणावे असे हिरवे पान सापडत नाही. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली त्याची नोंद ‘एजिनेशिया इंडिका’ या नावाने केली. पाऊस ओसरला की ते काळे पडून सुकते आणि मातीत मिसळून जाते.

पान नसणे ही झाडाच्या जन्मात लहान गोष्ट नव्हे. पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. पानातले हरितद्रव्य उन्हाच्या बळावर हवा आणि पाणी यांचे अन्न करते. त्या अन्नावर झाड जगते, गाय जगते, आपण जगतो. या फुलाजवळ ते हरितद्रव्यच नाही. त्याची चूल जन्मात एकदाही पेटत नाही. त्याचे धुळीएवढे बारीक बी दुसऱ्या झाडाच्या मुळाजवळ पडले तरच जागे होते. मग त्याचा कोंब त्या मुळाला जाऊन भिडतो. तिथे गाठीसारखा एक अवयव तयार होतो. त्याला शोषकमूळ म्हणतात. ते शेजाऱ्याच्या मुळात शिरते आणि त्याचे पाणी व तयार अन्न ओढून घेते. वर दिसते ते फक्त फूल. देणारा कोण आणि घेणारा कोण, हा सगळा व्यवहार मातीखाली झाकलेला.

आपल्या मराठीत एखाद्याचा घात करायला निघालेल्या माणसाबद्दल ‘तो मुळावर उठला’ असे म्हणतात. हे फूल तर शब्दशः दुसऱ्याच्या मुळावर उठते. म्हणून ते पाहिल्यावर मनात प्रश्न येतो, आणि तो वारकऱ्याला टाळता येण्यासारखा नाही. दुसऱ्याच्या कष्टाचे अन्न खाऊन जगणे हे पाप आहे काय?

माउली, आपल्या संप्रदायात या प्रश्नाला दोन बाजूंनी उत्तर मिळते आणि वरवर पाहता ती दोन उत्तरे एकमेकांशी भांडतात. एका बाजूला आपले संत आहेत. सावतोबांनी मळा सोडला नाही. गोरोबाकाकांचे हात चिखलात होते. सेना महाराजांनी वस्तरा ठेवला नाही, नरहरी महाराजांनी सोनाराची हातोडी ठेवली नाही. देवाचे नाव घेतो म्हणून मला बसून वाढा, असे यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी तर ज्यांच्याकडून मिळाले त्यांना काही न देता एकटाच भोगणाऱ्याला सरळ चोर म्हटले आहे. दुसऱ्या बाजूला आपली पंगत आहे. दिंडी गावात शिरली की पानावर बसणाऱ्याला कोणी विचारत नाही, तू काय कमावतोस, तुझी जात कोणती, काल कुठे जेवलास. ‘बसा माउली’ एवढेच म्हणतात. कष्टाशिवाय खाणे चोरी असेल, तर ही पंगत काय चोरांची आहे? आणि पंगत खरी असेल, तर सावतोबांच्या कुदळीला अर्थ काय?

या कोड्यात शिरण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करू. फुलाला पाप लागत नाही. पाप लागायला निवड करण्याची ताकद हवी, आणि ती बिनपानाच्या रोपाजवळ नाही. झाडाझुडपांच्या वागण्यावरून माणसाचा धर्म ठरवायचाही नसतो; तसे केले तर वाघाकडे पाहून हिंसा आणि कोकिळेकडे पाहून फसवणूक योग्य ठरवावी लागेल. पण निसर्गाकडे पाहून आपले शब्द तपासता येतात. आपण माणसांना जी नावे ठेवतो ती नीट समजून ठेवतो का, एवढे तरी कळते.

‘बांडगूळ’ हाच शब्द घ्या. ज्याला आयते खाण्याची सवय त्याला आपण बांडगूळ म्हणतो. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ सर्वांनी पाहिलेले आहे. त्याची पाने हिरवी असतात. आंब्याचे पाणी आणि क्षार ते घेते, पण अन्न बरेचसे आपले आपण शिजवते. देशावरच्या माउलींना ज्वारीतला टारफुला ठाऊक असेल. त्यालाही हिरवी पाने असतात, तरी तो ज्वारीच्या मुळाला लागतो आणि कणीस भरू देत नाही. याउलट कुंपणावरची पिवळी अमरवेल, तंबाखूच्या शेतातला बंबाखू आणि आपले हे रानफूल यांच्याजवळ हिरवा रंग नाही किंवा नसल्यासारखाच आहे. म्हणजे दुसऱ्यावर जगणाऱ्यांतही दोन जाती झाल्या. एकाजवळ स्वतःची चूल आहे, तरी तो शेजाऱ्याच्या ताटात हात घालतो. दुसऱ्याजवळ चूलच नाही. या दोघांना एकाच शिवीत बसवणे हा न्याय नव्हे.

आणि आपण ही शिवी कोणाला देतो? घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे असते, त्याच्याबद्दल कोणीतरी दाराआड बोलते, ‘नुसते खाते.’ मतिमंद भाऊ असतो, त्याच्या वाट्याच्या भाकरीची मोजदाद होते. देवळाच्या पायरीवर बसणाऱ्याला ‘फुकटखाऊ’ म्हणतात. ज्यांची चूल पेटूच शकत नाही, त्यांच्यावर शब्द लगेच पडतो. ज्यांना हिरवी पाने आहेत, चांगली डेरेदार पाने आहेत, आणि तरीही ज्यांचे शोषकमूळ दुसऱ्याच्या मुळात खोल गेले आहे, त्यांना मात्र आपण शेठ म्हणतो, साहेब म्हणतो आणि सप्ताहात पुढची जागा देतो.

आता आणखी एक गोष्ट पाहू. ज्वारीच्या मुळाशी पडलेले टारफुल्याचे बी मातीत वर्षानुवर्षे निजून राहते. ते जागे होते ते ज्वारीच्या मुळातून झिरपणाऱ्या एका द्रव्याच्या खुणेने. अशा द्रव्यातले पहिले शास्त्रज्ञांनी १९६६ साली कपाशीच्या मुळांपासून वेगळे काढले. तेव्हा प्रश्न पडला की झाड आपल्या शत्रूला स्वतःहून जागे का करते? याचे उत्तर २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवले. ती हाक शत्रूसाठी नसतेच. जमिनीत एक उपकारक बुरशी असते. ती मुळांशी सोयरीक करते, दूरचे क्षार आणून देते आणि बदल्यात थोडी साखर घेते. झाड हाक मारते ते या सोयऱ्याला. टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

ही हकिगत वाचून अन्नदान करणाऱ्या कोणालाही आपले दार आठवेल. दार सज्जनासाठी उघडावे तर दुर्जनही आत येतो. पंगतीत खरा भुकेला बसतो, तसा पिशवीत लाडू भरून नेणाराही बसतो. म्हणून दार लावावे काय? झाड हाक थांबवील तर सोयऱ्यालाही मुकेल. चोर आत येईल या भीतीने जो दार कायमचे लावतो, त्याच्याकडे पाहुणाही येत नाही. पण म्हणून आंधळेपणाने सगळे सोसावे, असेही नाही. टारफुल्याला दाद न देणारी ज्वारीची काही वाणे आहेत. त्यांची हाक वेगळ्या तऱ्हेची असते; बुरशीला ती समजते, टारफुल्याला नीट उमगत नाही. याला आपण विवेक म्हणू. दार उघडे ठेवायचे, पण उंबरठ्यावर जागेही राहायचे. पंगतीत जेवायला बसलेल्याला उठवू नये. मात्र रोज जेवून भांड्याला हात न लावणाऱ्या धडधाकट माणसाच्या हातात प्रेमाने वाढपाची बादली द्यावी. आपल्या दिंड्यांत जुने विणेकरी हेच करतात. ते कोणाला हाकलत नाहीत आणि कोणाला रिकामा बसूही देत नाहीत.

इथे कोडे थोडे सुटू लागते. खाणे हा दोष नव्हे. तरी एक विचार राहतोच. हे फूल जंगलात असते तेव्हा त्याच्यामुळे रान उजाड झाले असे होत नाही. बांबूचे बेट जुने आणि मोठे, गवत अफाट, मुळे शेकडो जातींची. त्यांत दोन-चार फुले दोन महिने जगून जातात. पण हेच फूल उसाच्या शेतात शिरले की पीक खाली बसते. फिलिपाइन्समध्ये उसाच्या शेतकऱ्यांनी त्याचा मोठा त्रास भोगला आहे. फूल तेच, भूकही तीच. फरक एवढाच की रानात तिचा भार पुष्कळ मुळांवर विभागला जातो आणि शेतात तो एकाच पिकावर पडतो.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. भिक्षेच्या एका रीतीला त्यांनी ‘माधुकरी’ हे नाव दिले. मधुकर म्हणजे भुंगा. भुंगा एका फुलाला ओरबाडत नाही. पुष्कळ फुलांवरून थोडे थोडे घेतो. तशी पाच घरची भिक्षा घ्यावी, कोणत्याही घरची चूल विझू देऊ नये, असा त्या शब्दाचा अर्थ. दिंडीच्या पंगतीचा हिशेबही हाच असतो. एका घरच्या भाकरी, दुसऱ्या घरचे पिठले, तिसऱ्या घरचा भात, चौथ्या घरचे ताक. सगळ्या गावाने दिलेले अन्न कोणाच्याच मुळावर येत नाही.

आता माउली, हा हिशेब आपल्याच घरात लावून पाहू. आषाढी येते तेव्हा शहापूर-मुरबाडकडे काय चाललेले असते? राबात वाढलेली रोपे काढायची, चिखलणी करायची, आवणी उरकायची. पावसाने दिलेले चार-सहा दिवस चुकले की वर्षाचा भात चुकतो. अशा वेळी घरचा कर्ता पुरुष पताका खांद्यावर घेऊन पंढरीची वाट धरतो. वारी त्याची होते. कमरेत वाकून आवणी कोण करते? ओल्या सरपणावर सकाळ-संध्याकाळ चूल कोण पेटवते, गुरांचे कोण पाहते, सासूच्या औषधाचे कोण बघते? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच बाई असते. तिच्या गळ्यातही माळ असते. विठ्ठल तिचाही असतो.

वारीला जाऊ नये, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. वारी चुकवू नये ही आपली निष्ठा आहे. पण वारीचे पुण्य एकाच्या मुळावर उभे असेल, तर वारकऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे की माझ्या वाट्याचे ओझे पुष्कळांत वाटले आहे की एकाच खांद्यावर ठेवले आहे? काही गावांत भावकी मिळून एकमेकांची आवणी उरकते आणि मगच दिंडी निघते. काहीजण आषाढात शेत सांभाळतात आणि कार्तिकीला चालतात. काही घरांत एक वर्ष तो जातो, एक वर्ष ती जाते. हे सगळे माधुकरीचेच प्रकार आहेत. सावतोबा मळ्यातून पंढरीला गेले नाहीत, देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. ती गोष्ट कीर्तनात ऐकताना आपण सावतोबांना हात जोडतो. आपल्या खाचरात वाकलेल्या बाईला मात्र त्या गोष्टीत पाहत नाही.

जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत. त्यांच्याबरोबर देव जात्याला हात लावीत असे, ही कथा आपल्या लेकरांनाही पाठ आहे. त्या कथेचा एक अर्थ असा घेता येईल की देव आधी मुळाशी जाऊन बसला. वर कीर्तनाचे फूल डोलत होते आणि खाली जाते फिरत होते. देवाने दोन्हींत जात्याजवळची जागा पसंत केली.

हरितद्रव्याचा विचार आणखी एका झाडाकडे नेतो. चंदनाइतका पवित्र वृक्ष आपल्याला दुसरा ठाऊक नाही. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत पांडुरंगाची चंदनउटी पूजा होते. दुसऱ्यासाठी झिजणाऱ्या माणसाला आपण चंदन म्हणतो. हेच चंदन जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना शोषकमुळे लावते आणि त्यांच्याकडून पाणी व क्षार घेऊन वाढते. चंदनाची शेती करणारे म्हणूनच रोपाशेजारी तूर लावतात आणि पुढे मोठ्या झाडाचा आधार देतात. एकटे लावलेले चंदन नीट वाढत नाही.

हे कळल्यावर चंदनाविषयीचा आदर कमी व्हायला नको. उलट एक गोष्ट स्पष्ट होते. जो जगासाठी झिजतो, तोही आधी कोणाच्या तरी मुळांवर वाढलेला असतो. आईचे दूध, बापाचा घाम, गुरूचा वेळ, न पाहिलेल्या मजुराने उभारलेली भिंत, या सगळ्यांत त्याची मुळे गेलेली असतात. चोखोबांचे प्राण मंगळवेढ्याच्या वेशीचे बांधकाम करताना भिंत कोसळून गेले. आपण ज्या भिंतींच्या आत सुखाने नाम घेतो, त्या कोणाच्या अंगावर पडल्या, याची आठवण त्यांची समाधी करून देते. महाद्वारासमोर वाकताना आपण त्या मुळापाशीच वाकत असतो.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडे आळंदीत आईबापांविना पोरकी झाली. समाजाने त्यांना वाळीत टाकले होते. माधुकरी मागून त्यांनी दिवस काढले. त्या वेळी आळंदीच्या एखाद्या दारात कोणी म्हटलेही असेल, ही पोरे गावाला भार आहेत. त्याच भिक्षेच्या घासांवर वाढलेल्या मुलाने शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी देवाजवळ मागणे मागितले तेही सर्वांसाठी. ज्या घरांनी त्या वेळी मूठभर पीठ दिले, त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. पण ज्ञानेश्वरीच्या मुळाशी ते पीठ आहे. दार लावणाऱ्यांचे त्यात काही नाही.

मात्र इथे एक पळवाट तयार होते आणि ती बुजवली पाहिजे. कोणी म्हणेल, सगळेच एकमेकांवर जगतात, चंदनसुद्धा. मग माझ्या घेण्यात काय वावगे? हे बोलणे गोड आहे, पण बहुतेक वेळा ते घेणाऱ्याच्याच तोंडी असते. आपल्याच तालुक्यातले पाहा. पावसाळ्यात हाताला काम नसते आणि घरात दाणा नसतो, तेव्हा कातकरी कुटुंब वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेते. दिवाळीनंतर नवरा-बायको, लेकरांसकट, ती फेडायला भट्टीवर जातात. हंगाम संपतो तेव्हा पुष्कळदा हिशेबात उचल शिल्लकच राहते आणि पुढच्या वर्षाचे पाय आधीच बांधले जातात. वेठबिगार पद्धत बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. पण मुळात शिरलेली गाठ कागदाने सुटत नाही. ती सोडायला माणूस लागतो. त्या भट्टीच्या मालकाच्या गळ्यात माळ असेल, तो एकादशी करीत असेल, सप्ताहाला हजारोंची वर्गणी देत असेल, तर त्याला ‘सगळेच एकमेकांवर जगतात’ असे म्हणून सुटता येईल काय?

तुकोबांना तसे सुटता आले नाही. १६२९-३० च्या दुष्काळात त्यांच्या घरची माणसे अन्नावाचून गेली. घराण्यात सावकारी होती, लोकांची खते घरात होती. दुष्काळातून बाहेर आल्यावर ती खते दाखवून वसुली करता आली असती. व्यवहाराने ते चूकही ठरले नसते. परंपरा सांगते की बंधू कान्होबांचा वाटा त्यांना देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. त्यांच्या गाथेची गोष्ट आपण वारंवार सांगतो, कारण ती पाण्यातून वर आली. खते वर आली नाहीत. दुसऱ्याच्या मुळात गेलेले आपले मूळ स्वतःच्या हाताने काढून घेणे, हे त्यांनी अभंग बुडण्याच्या कितीतरी आधी करून ठेवले होते.

असाच हिशेब गावांचा आणि शहरांचाही असतो. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, तेव्हापासून शहापूर तालुक्याच्या डोंगरांवर पडणारा पाऊस मुंबईची तहान भागवतो. पुढे भातसा आले आणि मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथून जाऊ लागला. मुरबाडच्या अंगाला बारवी आहे. तिचे पाणी कल्याण-डोंबिवलीकडच्या शहरांना आणि कारखान्यांना जाते. मुंबईच्या माणसाने पाणी पिऊ नये असे कोण म्हणेल? तहानलेल्याला पाणी देणे हा धर्मच आहे, आणि या मासिकाचे पुष्कळ वाचक त्याच नळाचे पाणी पितात. पण चैत्र-वैशाखात शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर हंडा घेतलेली बाई उभी असते आणि डोंगराच्या पलीकडे भरलेला जलाशय असतो. हे शोषकमूळ फार लांब आहे, म्हणून ते कोणाला दिसत नाही. शहरातल्या माउलीने नळ सोडताना एवढे तरी आठवावे की हे पाणी नळात जन्मले नाही. आठवले तर त्या पाड्यांच्या पाण्याचा प्रश्न त्याला परका वाटणार नाही, आणि मत देताना, संस्था चालवताना, दान कुठे द्यायचे ते ठरवताना तो त्याच्या मनात राहील.

तर मूळ प्रश्नाचे उत्तर असे दिसते. दुसऱ्यावर जगणे हे पाप नव्हे. त्यावाचून कोणीच जगत नाही. पण ज्याच्या अंगी हिरवा रंग आहे, त्याला हिशेब द्यावा लागतो. हात धड आहेत, बुद्धी आहे, पैसा आहे, म्हणजे पाने आहेत. त्याने पाहावे की आपण ज्याच्याकडून घेतो ते मूळ जिवंत राहते की सुकते, आणि घेतलेल्याचे पुढे चंदन होते की टारफुला होतो. सावतोबांची कुदळ त्याच्यासाठी आहे. ज्याच्या अंगी हिरवा रंगच नाही, त्या लेकराला, त्या म्हाताऱ्याला, त्या आजाऱ्याला हा हिशेब विचारणे क्रूरपणाचे आहे. पंगत आधी त्याच्यासाठी आहे. कुदळ आणि पंगत यांचे भांडण नाही. कुदळ धरणाऱ्यांच्या कष्टानेच पंगत वाढली जाते, आणि पंगतीत न धरता येणारे हात असतात म्हणूनच त्या कष्टाला देवाचे काम म्हणता येते.

कोण कोणत्या रांगेतला, हे ठरवण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाने फक्त स्वतःपुरता वापरावा. शेजाऱ्याची पाने मोजू नयेत. काल ज्याची चूल धडाडत होती, त्याची आज आजाराने विझलेली असू शकते. आणि आपण सगळेच एक दिवस बिनपानाचे होणार आहोत. तेव्हा कोणीतरी आपल्या तोंडाशी पाण्याचा चमचा धरावा, आणि धरताना कपाळाला आठी घालू नये, एवढीच आपली इच्छा असेल. ती वेळ येण्यापूर्वी आपण तो चमचा कितीदा धरला, आणि कसा धरला, हे आजच पाहून ठेवावे.

हे फूल जपानातही उगवते. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या जपानी काव्यसंग्रहात ‘ओमोइगुसा’ नावाच्या रोपाचा उल्लेख आहे. ते हेच फूल असावे असे मानतात. त्या नावाचा अर्थ विचारात पडलेले गवत असा होतो. त्याची मान खाली झुकलेली असते म्हणून हे नाव. दूरदेशीच्या लोकांना ते फूल विचारात पडलेले दिसले. वारकऱ्याला त्यात कदाचित दुसरेच काही दिसेल. आपल्याकडे दोन वारकरी भेटले की लहान-मोठा न पाहता एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. मस्तक जिथे टेकते तिथेच पाय असतात, आणि पायांखाली माती. तिथेच सगळ्यांची मुळे असतात. पुढच्या वेळी कोणाच्या पायांवर डोके ठेवू, तेव्हा ज्यांच्या जिवावर आपण इथवर चालत आलो, त्यांची नावे मनात घ्यावीत. आणि घरी परतल्यावर, प्रसादाची पुडी सोडण्याआधी, जिने आवणी उरकली तिच्या पायांना हात लावावा.

रामकृष्णहरी.